पाच नानखटाया

तारापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगीस,

‘आशीर्वाद’ हा शब्द लिहू की नको यात माझी अर्धी सकाळ गेली. लिहिला तर तुला हसू येईल, न लिहिला तर संस्कृतच्या मास्तराने मायना चुकवला असं होईल. म्हणून जागा रिकामी सोडली आहे. तुला योग्य वाटेल ते भर.

अठरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. जायचे होते ते बाबा, बारा साली गेले. ते तुला कळलं होतं. मी अजून बोईसरच्या शाळेत आहे. आठवीच्या पोरांना ‘देवः देवौ देवाः’ शिकवतो आणि ती मोबाइलमध्ये बघत ‘देवौ’ म्हणतात. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. लग्न केलेलं नाही, हे सांगायला नको. माझ्यासारख्या माणसाशी रोज जेवायला बसायचं म्हणजे शिक्षा, असं तूच म्हणायचीस.

अंकलेश्वरचा तुमचा पत्ता मला कुणी दिला नाही, मी चोरला. मुबीन दर ईदला आईला, आपल्या शेजारच्या चाचीला, पार्सल पाठवतो. पोस्टमन ते माझ्याकडे देतो, कारण चाचीला दारापर्यंत यायला वेळ लागतो. मी ते कुंपणापलीकडे नेऊन देतो. ती दोन्ही हातांनी घेते, पाठवणाऱ्याच्या नावावरून बोट फिरवते आणि न उघडता पेटीत ठेवते. अठरा झाली. पेटीचं झाकण आता बसत नाही.

चाचीमुळेच लिहितो आहे. तिच्या भाच्याने मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं: कुठल्याशा न्यायालयाने म्हटलंय, मुसलमान पुरुष आणि हिंदू बाई यांचं नोंदणीचं लग्न धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाची काठी टेकत कुंपणापाशी.

“शांतू, तू शिकलेला हाय. खरं सांग. मुबीनचं लगीन कायद्यात हाय का नाय?”

मी रीतसर सांगितलं. नुसता निकाह केला असता आणि हेमांगीने धर्म बदलला नसता, तर तो तुमच्या शास्त्राप्रमाणे ‘फासिद’ ठरला असता, म्हणजे अनियमित. ‘बातिल’, म्हणजे शून्य, नव्हे. पण त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. तिथे दोघांनी आपापला धर्म ठेवला तरी चालतं. इकडचं-तिकडचं कोर्ट काही म्हणो, तो कायदा अजून उभा आहे आणि त्यात ते दोघे नवरा-बायको आहेत.

ती ऐकत राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “म्हंजे कायद्याला सगलं चालतं. कायद्याला दूध कलत नाय.”

आणि काठी टेकत परत गेली.

ती अजून त्याच जागी उभी आहे, हेमू. अठरा वर्षांपूर्वी होती तिथेच. तिने तुला तान्ही असताना अंगावर पाजलं, म्हणून तू मुबीनची दूधबहीण. कोकणी मुसलमानांत पाच वेळा पोटभर पाजलं की दूधबहीण सख्ख्या बहिणीसारखी, आणि लग्न बातिल. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी फक्त कळवतो आहे की ती विचारते. यापूर्वी विचारत नव्हती.

चिकूला यंदा बरा बहर आहे.

शांताराम


३० नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगीस,

उत्तर नाही. ठीक. मी शाळेत पस्तीस पोरांना प्रश्न विचारतो, तिथेही हाच अनुभव आहे.

रविवारी दुपारी घरात फार शांत असतं. पूर्वी तू असायचीस. मी श्लोक म्हणायचो, तू मुद्दाम शेवटचा शब्द चुकीचा म्हणायचीस आणि मी जेवण सोडून तो दुरुस्त करायचो. आता दिवसभर कुणी काही चुकत नाही.

ठाण्याचं आठवतं? तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, लग्नाच्या नोटिशीसाठीही ठाण्याला जावं लागे. तुमची नोटीस फळ्यावर तीस दिवस लागणार होती आणि त्या तीस दिवसांत कुणीही हरकत घ्यावी अशी सोय होती. सरकारने एवढ्या प्रेमाने बोलावल्यावर मी कसा राहतो? अर्ज मी लिहिला, सही बाबांची आणि माझी. ‘सदरहू नियोजित वधू ही नियोजित वराची स्तन्यभगिनी असल्याकारणाने’ — हे वाक्य जुळवायला मला एक आख्खी सकाळ लागली होती. अजून वाटतं, चांगलं जमलं होतं.

तू आणि मुबीन बाहेरच्या बाकावर बसला होता. आत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, ‘स्तन्य म्हणजे?’ असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं, मागे नात्यांची यादी आहे ती उघडली. पुरुषाने कुणाकुणाशी लग्न करू नये, सदतीस नाती. आईच्या वडिलांच्या आईपर्यंत सगळी आहेत. त्यांनी एकेकावर पेन्सिल टेकवत वाचलं, शेवटपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाले, “मास्तर, यात दूध नाही.”

इतक्या साध्या तीन शब्दांत माझं इतकं मोठं वाक्य कुणी खोडलं नव्हतं.

परतताना बसमध्ये बाबा शेजारी होते. मी त्यांना कायद्याचं एक कलम समजावत होतो: असं लग्न केलं की हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा होतो. ‘मग झालंच की,’ एवढंच ते म्हणाले. कायद्याने तुला वेगळं काढायच्या आधीच आम्ही काढलं होतं, हे कलम उगाच खर्ची पडलं.

त्याच संध्याकाळी मी कुंपण ओलांडून चाचीकडे गेलो आणि पाच वेळा पाजल्याची तिला आठवण करून दिली. ते तुला ठाऊक आहे.

चाचीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं आहे. बोईसरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, सोबत कोण? चाची म्हणाली, “शेजारी.” मग थोडं थांबून, “पोरासारका हाय, तसं लिव.”

त्या मुलीने ‘शेजारी’च लिहिलं. रकाना लहान होता.

शांताराम


१४ डिसेंबर २०२५

चि. हेमांगीस,

तुझं कार्ड आलं. अठरा वर्षांनी पाहिलेलं तुझं अक्षर, आणि त्यात चार शब्द: “दादा, खरं किती वेळा?”

‘दादा’ लिहिलंस. मी तेवढा एकच शब्द बराच वेळ वाचत होतो.

प्रश्नाबद्दल: चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तू दोन महिन्यांची, मी अकरा वर्षांचा. आईला टायफॉइड झाला, बाबा तिला पालघरला घेऊन गेले. घरात मी, तू आणि कानाने मंद आत्या. तुला गाईचं दूध पचेना. चाचीकडे सासू अर्धांगाने पडलेली आणि दीड वर्षाचा मुबीन अंगावर पिणारा. तिला घर सोडून येता येईना आणि आत्या तिच्या उंबऱ्यात पाय ठेवीना. म्हणून तुला उचलून पलीकडे न्यायचं काम माझं. त्यामुळे साक्षीदार मी एकटा. स्मृती ही मोठी फसवी गोष्ट आहे. संस्कृतात द्विवचन असतं, मराठीने ते टाकून दिलं. माणसाचंही तसंच होतं, मधले आकडे गळून पडतात आणि एक किंवा अनेक एवढंच उरतं.

हे वाक्य बरं आहे. पण हे उत्तर नव्हे, मला कळतंय.

काल चाचीचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. मी पेज घेऊन गेलो होतो. ती आडवी होती, एका डोळ्याने छताकडे बघत. तुझ्या मुलीचं नाव तिला ठाऊक आहे, भाच्याकडून कळलं. “हिरा,” ती म्हणाली. “मक्केजवलच्या गुहेचं नाव हाय. रसूल तितं बसायचे.” मी म्हटलं, संस्कृतातही हीरक आहे, रत्न. ती म्हणाली, “दोगांचं हाय तर मग. शानी हाय तुजी बहीण.”

मग म्हणाली, “शांतू, तू त्या दिवशी आला नसता ना, तर मी त्यांच्या लगनात साक्षीला जानार होते. ‘फासिद तर फासिद,’ मी मुबीनला बोललेली. अल्ला बगेल. पन बातिल नाय. तू खरं बोलला म्हनून वाचले. नायतर मरून काय तोंड दाकवलं असतं?”

आणि तिने माझा हात धरला.

पेज थंड झाली होती. मी ती गरम करून आणतो म्हणून उठलो आणि घरीच आलो.

शांताराम


१५ डिसेंबर २०२५

हेमू,

तीन.

कालचं पत्र घेऊन पोस्टापर्यंत गेलो आणि न टाकताच परत आलो. दोन्ही पत्रं एकत्र मिळतील. कालचं फाडावंसं वाटलं होतं, पण ते राहू दे. मी कसा टाळतो ते तुला दिसलं पाहिजे.

दुपारी एक वाजता बाबा आईला घेऊन गेले. तीन वाजता तू रडायला लागलीस, तेव्हा पहिल्यांदा नेलं. दुसऱ्यांदा दिवेलागणीला. मग चमचाचमचा साखरेचं पाणी पाजून आत्याने तुला निजवलं. तिसऱ्यांदा पहाटे, उजाडताना. सात वाजता बाबा पहिल्या बसने दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन आले आणि काम संपलं. मला आकडा अचूक आठवतो कारण चाचीने दर वेळी माझ्या हातावर एक नानखटाई ठेवली. दोन मी खाल्ल्या. तिसरी आईसाठी चड्डीच्या खिशात ठेवली. तिचा भुगा झाला, आणि आई बरी होऊन येईपर्यंत मुंग्या लागल्या. तीन नानखटाया. यात स्मृतीची काही फसवणूक नाही.

त्या संध्याकाळी ठाण्याहून आल्यावर मी चाचीला म्हटलं, “तुला आठवत नसेल, मला आठवतं. पाच वेळा आणलं होतं मी तिला.” ती म्हणाली, “नाय रे, दोनतीन येला असंल.” मी म्हटलं, “चाची, दर वेळी तू मला नानखटाई द्यायचीस. पाच खाल्ल्या मी.”

नानखटाई तिला आठवली. चेहरा बदलला तिचा. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला. कुणा मौलवीला विचारलं नाही, दुसरा साक्षीदार मागितला नाही. मास्तर सांगतो म्हणजे खरं.

विसर्ग राहिला तर मी पोरांचा अर्धा गुण कापतो.

पाच हा आकडा मी मुद्दाम शोधला होता. बोईसरला एका म्हाताऱ्या मौलवींना ‘शाळेतल्या अभ्यासासाठी’ म्हणून विचारून आलो होतो. त्यांनी मला चहा पाजला आणि नीट समजावलं. चार असते तर लग्नाला हरकत नव्हती. म्हणून पाच.

का केलं, हे बाबांवर ढकलता आलं असतं. ते नाही म्हणायला येणार नाहीत. पण बाबांना पाचचं काही माहीत नव्हतं. ते ठाण्याहून आले आणि झोपले. मुबीनचा धर्म म्हणशील तर मीच त्याला समुद्रावर पोहायला शिकवलं. खरं कारण लिहायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. आई वारल्यापासून त्या घरात माझ्या विनोदावर हसणारं एकच माणूस होतं, आणि ते निघालं होतं. मला वाटलं, मुबीनची आई अडली की मुबीन अडेल, मुबीन अडला की तू. मुबीन अडला नाही. आईच्या दारावरून वळला आणि तुला घेऊन गेला. अडकली ती चाची. आणि तिच्या कुंपणाच्या अलीकडे मी.

फासिद म्हणजे अनियमित. आमच्या व्याकरणात रोज लागणारे शब्दच अनियमित असतात. ‘असणे’ हे क्रियापदसुद्धा. मी तुमचं ते साधं अनियमित ‘असणं’ उचललं आणि तिच्यापुरतं शून्य करून टाकलं.

दादा

(सही करून टाकली. चालत नसेल तर खोड.)


२८ डिसेंबर २०२५

हेमू,

चाचीला सांगितलं.

तू कळवलंस, ‘आधी तिला सांग, मग मला लिही.’ बरोबर आहे. पट्टी निघेपर्यंत थांबलो. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यावर ताण नको, रडू देऊ नका. हे कारणही होतं आणि सबबही.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. नव्या डोळ्याने खडे दिसतात म्हणून खूश होती. मला एकेक दाखवत होती. मी समोर बसलो आणि आडवळणं न घेता सांगितलं. तीन. दुपारी, दिवेलागणीला, पहाटे.

तिचा हात सुपात थांबला. रडली नाही. तिने माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. इतक्या वर्षांत दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट पाहिलेला मी पहिलाच माणूस असेन.

“दोन मी दिल्याच नवत्या,” ती म्हणाली. “न दिलेल्या दोन नानकटाया तू खाल्ल्या, शांतू. अटरा वरसं खातोय.”

मग सूप उचलून आत गेली आणि आतून कडी लावली.

तेव्हापासून बोलत नाही. पोस्टमनने काल तिचं बँकेचं पत्र माझ्याकडे दिलं, मी कुंपणापाशी जाऊन हाक मारली तर आतून आवाज आला, “दगडाकाली ठेव.” मी दगडाखाली ठेवलं. पेज पाठवली तर डबा रिकामा करून कुंपणावर. धुतलेला मात्र असतो. राग असला तरी खरकटं भांडं परत करायचं नाही, असं तिचं आहे.

संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागतो तो मी माझ्या पडवीतून बघतो. पूर्वीही बघायचो. पण तेव्हा ती मला माझ्यासारखीच एकटी वाटायची आणि त्यात एक सोबत होती. आता कळतं, ती सोबतसुद्धा मी फसवून घेतली होती.

काल तिकडून खूप वेळ कागद फाडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, काही जाळायला काढलं असेल. सकाळी तिच्या दोरीवर एक निळी शाल वाळत होती. मग एक पांढरी. मग एक बदामी रंगाची, घडीच्या रेघा अजून न मोडलेली. दुपारपर्यंत मोजल्या. शाली, ओढण्या, एक स्वेटर. अठरा.

दादा


११ जानेवारी २०२६

हेमू,

तुझं कार्ड मिळालं: ‘शनिवारी दुपारी. तिघे.’ तू कार्डाची कला चांगली साधली आहेस. मला चार पानं लागतात.

चाचीला निरोप कसा द्यावा हा प्रश्न होता. तुझं कार्डच दगडाखाली ठेवलं. दहा मिनिटांनी ती स्वतः कुंपणापाशी आली, निळी शाल घेऊन. पंधरा दिवसांनी तोंड उघडलं ते माझी चूक काढायला.

“ही चिट्टी तू वाचली?”

“कार्ड आहे, चाची. माझ्याच नावाने आलं.”

“मग वाचली म्हन.” कार्ड तिने डोळ्याजवळ धरलं, आडवं, उभं. “तीन का पाच?”

“काय?”

“येनारे. तीन का पाच? तुजा काय भरवसा.”

“तीन,” मी म्हटलं. हसावं की नाही कळेना, तेव्हा ती आधी हसली, जेमतेम. लगेच थांबली.

म्हणाली, “माज्याकडं दोन राहिलेत तिचे. पाच बोलला ना तू? तीन दिले, दोन राहिले. दोन येलचं जेवून जाईल. शनवारी रातचं आनि रयवारी दुपारचं. लिव तिला.” मग जरा घाबरून म्हणाली, “जेवन जेवली तर काय नाय होत. ते तान्यापनीचं असतं. मी मौलवीला इचारलं. सोता. या येली तुज्यावर नाय सोडलं.”

मी म्हटलं, बरं केलंस.

“आनि तू,” ती म्हणाली. मी थांबलो. तिने शाल नीट केली, कार्ड पदराला बांधलं. “तू नको येऊ. मला अजून जमत नाय.”

तेव्हा मी येणार नाही. हे तुला आधीच कळवतो, म्हणजे दारात उभी राहून माझी वाट बघू नकोस. मुबीनला सांग, आईसमोर जाताना घाबरू नको. तिने शाली धुवून इस्त्री केल्यात, कुठली पांघरून दारात उभं राहायचं एवढाच तिचा प्रश्न आहे. आणि हिराला सांग, खडीसाखर मागू नको, नानखटाई माग. काल बोईसरहून तूप आणि मैदा आला आहे. पिशवी मीच दगडाखाली ठेवली, यादी तिची होती.

मी तुम्हाला बोईसर स्टेशनवर उतरवून घेईन. रिक्षा केली आहे. आमच्या फाटकातून आत या, वाडीतून, चिकूच्या रांगेतून कुंपणापर्यंत मी येईन. तिथे बांबूचं लहान दार आहे, तेच. गेल्या आठवड्यात त्याला नवी दोरी लावली.

तिथून पुढे तू चालत जा. तीनदा तुला उचलून नेलं, हेमू. मान सांभाळून, आत्याने सांगितलं होतं तशी. चौथ्यांदा मी अलीकडेच उभा राहीन आणि तुम्ही आत गेलात की दार ओढून घेईन.

वरची आशीर्वादाची जागा अजून रिकामीच आहे. शनिवारी तूच सांग, काय भरू.

दादा